वैभववाडीच्या परसात जपानी मेपल रुजेल का?

समजा, तुम्ही वैभववाडीला राहता. घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, वर कौले, मागच्या परसात दोन आंबे, चार पोफळी आणि कडेने अबोलीची रांग. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि करूळ घाटाने वर चढले की गगनबावडा. एके दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत किंवा मोबाइलच्या पडद्यावर तुम्हांला एक चित्र दिसते. जपानमधले जुने लाकडी देऊळ आणि त्याच्या पायऱ्यांवर झुकलेले एक लालभडक झाड! पाने लहान मुलाच्या तळहाताएवढी, पाच-सात बोटांची. चित्राखाली लिहिलेले असते : जपानी मेपल. तुमच्या मनात येते, हे झाड आपल्या परसात लावले तर?

विचार मुळीच वाईट नाही. आज ज्याला आपण कोकणचा मेवा म्हणतो तो काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि तो इथलाच होऊन गेला. मग मेपल का होऊ नये? उत्तर घाईने देऊ नका. झाडाला काय हवे आणि आपल्याकडे काय आहे याची एकेक बाब तपासून पाहू या. या तपासात एकदोन ठिकाणी तुमचा अंदाज चुकणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पाहुण्याची ओळख

मेपल ही वनस्पतींची एक प्रजाती. तिच्यात शंभरावर जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण भागात वाढतात. कॅनडाच्या ध्वजावरचे लाल पान मेपलचेच. हिमालयातही मेपलच्या अनेक जाती आहेत. आपल्या सह्याद्रीच्या रानात मात्र मेपल नाही.

जपानी मेपलचे शास्त्रीय नाव एसर पाल्मेटम. कार्ल पेटर थुनबर्ग हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ १७७५-७६ मध्ये जपानमध्ये होते. १७८४ साली त्यांनी या झाडाला हे नाव दिले. पाल्मेटम म्हणजे तळहातासारखे. गंमत अशी की जपानी लोकांना तेच पान बेडकाच्या पंजासारखे दिसले. मेपलसाठी त्यांचा ‘काएदे’ हा शब्द बेडकाचा हात अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला आहे.

काश्मीरच्या चिनारचे पानही असेच दिसते, म्हणून पुष्कळजण त्याला मेपल समजतात. ओळखायची सोपी खूण अशी : मेपलची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, तर चिनारची एक या बाजूला, एक त्या बाजूला अशी आळीपाळीने येतात.

उन्हाळा आड येतो का?

‘कोकणच्या उकाड्यात थंड देशातले झाड कसे जगेल?’ हा तुमचा पहिला अंदाज असेल. पण ज्या क्योटो शहरातल्या देवळांभोवतीचे मेपल जगभर प्रसिद्ध आहेत, तिथे ऑगस्टमध्ये दुपारचे तपमान सरासरी ३३ अंश सेल्सिअसच्या वर जाते. हवाही दमट आणि घामट. म्हणजे तिथला ऑगस्ट आपल्या मे महिन्याची आठवण करून देणारा! कडक उन्हाने मेपलच्या पातळ पानांच्या कडा करपतात हे खरे. पण आंब्याच्या विरळ सावलीत जागा दिली तर ही अडचण बरीचशी दूर होईल.

मग माती? जपानी मेपलला किंचित आम्लधर्मी, पाण्याचा निचरा होणारी माती आवडते. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मीच असते. तीही अडचण नाही.

पाऊस? इथे थोडे थांबावे लागेल. क्योटोत वर्षभरात सुमारे १५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो. मुळांशी पाणी साचले की तिथली हवा संपते आणि फायटोप्थोरा नावाचे बुरशीसारखे जीव मुळे कुजवतात. हे नाव कोकणाला परके नाही. सुपारीचा कोळेरोग याच फायटोप्थोराच्या जाती घडवून आणतात. तरीही उंच गादीवाफा करून, मातीत भरड वाळू मिसळून पाण्याला वाट करून देता येईल.

ऊन, माती, पाऊस या तिन्हींवर काहीतरी उपाय निघाला. मग झाड वाढायला हरकत कोणती? हरकत आहे ती आपल्याकडे असलेल्या गोष्टीची नाही, नसलेल्या गोष्टीची आहे. आपल्याकडे हिवाळा नाही!

झोपेसाठी हवी थंडी, जागे होण्यासाठीही हवी थंडी

तुम्ही म्हणाल, ‘डिसेंबरात आम्ही पहाटे शेकोटी करतो की!’ खरे आहे. पण आपल्या थंड पहाटेसुद्धा पारा सहसा दहा अंशांखाली जात नाही आणि दुपारी तो पुन्हा तिशीच्या आसपास पोहोचतो. दक्षिण कोकणात जानेवारीचे सरासरी तपमान २५ अंशांच्या जवळपास असते, तर क्योटोत ते सुमारे ५ अंश. फरक २० अंशांचा.

हा फरक केवढा, ते एका हिशेबाने पाहा. एक किलोमीटर उंच चढले की हवेचे तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे वैभववाडीला क्योटोचा जानेवारी हवा असेल तर सुमारे ३ किलोमीटर उंच जावे लागेल. घाट चढून गगनबावड्याला गेल्याने भागणार नाही. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तेही १६४६ मीटर, म्हणजे निम्म्या वाटेवरच राहिले.

पण झाडाला थंडी हवीच कशाला? थंडीत तर वाढ थांबते. आपला समज असा असतो की थंड प्रदेशातली झाडे थंडी कशीबशी सोसतात आणि ऊब आली की लगेच पालवतात. हा समज चुकीचा आहे हे अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९२० साली दाखवून दिले. ते ब्लूबेरीच्या झुडपांवर प्रयोग करीत होते. काही झुडपे त्यांनी हिवाळाभर उबदार काचघरात ठेवली. ती लवकर फुटतील अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण वसंत आला तरी ती मख्खासारखी उभीच राहिली. थंडीत राहिलेली झुडपे मात्र पालवली. मग त्यांनी आणखी एक नामी प्रयोग केला. काचघरातल्या झुडपाची एकच फांदी बाहेर थंडीत राहील अशी व्यवस्था केली. वसंतात फक्त ती फांदी पालवली, बाकीचे झुडूप झोपलेलेच!

यातून दोन गोष्टी कळतात. झोपलेल्या कळ्यांना जागे होण्यासाठी आधी पुरेशी थंडी मिळावी लागते. आणि थंडीचा हिशेब एकेक कळी आपापल्या जागी ठेवते.

असे समजा की प्रत्येक कळीजवळ मातीचा एक गल्ला आहे. साधारण शून्य ते सात अंश तपमानाचा प्रत्येक तास म्हणजे त्या गल्ल्यात पडणारे एक नाणे. ठरावीक नाणी जमली की कुलूप उघडते आणि मगच ऊब मिळाल्यावर कळी फुटते. वेगवेगळ्या झाडांना अशी काही शे ते हजाराहून अधिक नाणी लागतात. ही सावधगिरी झाडाच्या फायद्याची आहे. भर हिवाळ्यात चार दिवस ऊन पडले म्हणून झाड फसून पालवले, तर पुढच्या हिमात सगळी पालवी जळून जाईल. थंडी मोजणारे झाड असे फसत नाही.

वैभववाडीच्या हिवाळ्यात या गल्ल्यात नाणे पडतच नाही.

कुलूप कसले, किल्ली कसली?

हे कुलूप रासायनिक आहे. त्याचा शोध ज्या झाडांच्या अभ्यासातून लागला त्यांत एक मेपलही होता. फिलिप वेअरिंग आणि त्यांचे सहकारी ब्रिटनमध्ये सिकॅमोर या मेपलच्या जातीवर काम करीत होते. दिवस लहान होऊ लागले की झाडे झोपतात, तेव्हा पानांत काही विशेष द्रव्य तयार होत असावे असे त्यांना वाटले. त्याला त्यांनी ‘डॉर्मिन’, म्हणजे झोपवणारे, असे नाव दिले. १९६५ साली सिकॅमोरच्या पानांतून काढलेले हे द्रव्य ओळखता आले, तेव्हा असे दिसले की अमेरिकेत कापसाच्या बोंडांतून मिळालेले द्रव्यही हेच आहे. आज त्याला अ‍ॅबसिसिक आम्ल म्हणतात. ते वनस्पतींच्या प्रमुख संप्रेरकांपैकी एक आहे.

हे आम्ल झोप कशी आणते याचा उलगडा अलीकडचा. स्वीडनमधील उमेओ येथे ऋषिकेश भालेराव यांच्या गटाने पॉपलरच्या एका संकरित जातीवर प्रयोग केले आणि ते २०१८ साली प्रसिद्ध झाले. वनस्पतीच्या पेशी-पेशींमध्ये अतिसूक्ष्म वाटा असतात. त्यांतून वाढीचे निरोप पोहोचतात. दिवस लहान झाले की अ‍ॅबसिसिक आम्लाच्या हुकमावरून कळीतल्या या वाटा बुजवल्या जातात. निरोप पोहोचत नाही आणि कळी झोपी जाते. ज्या झाडांत या आम्लाचा हुकूम चालत नव्हता, त्यांच्या वाटा उघड्या राहिल्या आणि ती झाडे नीट झोपलीच नाहीत. दीर्घकाळच्या थंडीने या बुजलेल्या वाटा पुन्हा मोकळ्या होतात. म्हणजे किल्ली थंडीकडे आहे!

दिवस लहान होण्याचा इशाराही आपल्याकडे दुबळाच. क्योटोत उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेचौदा तासांचा आणि हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस दहा तासांहून कमी. वैभववाडीत हेच आकडे सुमारे तेरा तास आणि अकरा तास. तिथे साडेचार तासांचा फरक, इथे दोनच तासांचा. मेपलच्या कानाला ही हाक ऐकू येणे कठीण.

मग परसात काय घडेल?

समजा, थंड हवेच्या ठिकाणाहून एखादे रोप तुम्ही आणलेच. ते तिथे झोपून आलेले असते. त्याचे गल्ले भरलेले असतात. त्यामुळे पहिल्या वर्षी ते छान पालवते आणि तुम्ही खूश होता. एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा करपतात. पावसाळ्यात मुळे कशीबशी तग धरतात. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा करपणे आलेच. डिसेंबरात पाने धड गळत नाहीत, धड हिरवी राहत नाहीत. मार्चमध्ये शेंड्याच्या दोनचार कळ्या फुटतात, तीही उशिरा आणि वेडीवाकडी. बाकीच्या मिटलेल्या राहतात.

पाने कमी म्हणजे प्रकाशसंश्लेषण कमी, म्हणजे साखर कमी. पण उबदार रात्रींत झाडाचे श्वसन चालूच असते आणि त्यात साखर खर्च होते. मिळकत घटली, खर्च तसाच राहिला. असा संसार सहसा दोनतीन वर्षांत आटोपतो. उत्साही माळी मात्र पाणी कमी पडले की खत, याच विचारात राहतो.

बरे, चित्रातला तो लाल रंग तरी मिळेल का? तोही नाही. शरदात दिवस निरभ्र आणि रात्री गार असल्या म्हणजे पानातले हरितद्रव्य मोडू लागते. देठाशी पडदा तयार होत असल्याने साखर पानातच अडकते आणि पान अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बनवते. गार रात्री नसतील तर पान तांबडे होण्याऐवजी तपकिरी होऊन चुरगळते. काही बागायती वाणांची पाने वसंतापासूनच लाल असतात. पण कडक उन्हाळ्यात त्यांचीही लाली फिकी होऊन हिरवट पडते.

‘बी आणून फ्रिजमध्ये ठेवले तर?’ हा प्रश्न हुशारीचा आहे. मेपलच्या बियांनाही थंडी लागतेच. ओल्या वाळूत घालून तीनचार महिने सुमारे ४ अंशांवर ठेवतात, मग त्या रुजतात. पण रोपाला थंडी दरवर्षी लागणार. काही बोन्साय करणारे कुंडीच दर हिवाळ्यात शीतपेटीत ठेवतात. प्रयोग म्हणून ते ठीक; पण ज्या झाडाला दरवर्षी फ्रिजमध्ये निजवावे लागते ते परसातले झाड नव्हे.

आणखी एक सावधगिरी. निळ्या पानांच्या किंवा इंद्रधनुष्यी मेपलचे बी विकणाऱ्या जाहिराती तुम्हांला दिसतील. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेच नाही. चित्र रंगवलेले असते आणि पाकिटात भलतेच बी निघते. शिवाय परदेशातून बी किंवा रोप परवान्यावाचून मागवू नये. त्याबरोबर रोग आणि किडी येतात, म्हणूनच भारतात २००३ सालच्या वनस्पती संगरोध आदेशाने अशा आयातीवर नियम घातले आहेत.

झाडाची दिनदर्शिका वारशाने येते

मग उष्ण प्रदेशात मेपल वाढूच शकत नाही का? तसेही नाही. अमेरिकेत लाल मेपल नावाची जात कॅनडापासून थेट फ्लोरिडाच्या दक्षिण भागापर्यंत पसरली आहे. पेरी आणि वांग या शास्त्रज्ञांनी १९६० साली या जातीची ठिकठिकाणची रोपे तपासली. उत्तरेकडच्या रोपांना जागे होण्यासाठी थंडी लागली. दक्षिण फ्लोरिडाच्या रोपांना ती जवळजवळ लागलीच नाही. जात एकच, पण हजारो पिढ्यांत निसर्गाने निवड केली आणि प्रत्येक ठिकाणच्या झाडांची दिनदर्शिका तिथल्या हवेशी जुळली.

माणूसही अशी निवड करू शकतो. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारे सफरचंदाचे एचआरएमएन-९९ हे वाण पुढे आणले. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जपानी मेपलची दिनदर्शिका मात्र अजून जपानी हिवाळ्याचीच आहे.

लाल झाड हवे आहे? मग रानात चला

आता निराश होऊ नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये वैभववाडीच्या आसपासच्या रानाकडे नीट पाहा. करड्या-हिरव्या डोंगरउतारावर मध्येच एखादे झाड पेटल्यासारखे लालभडक दिसेल. लांबून वाटते फुले आली. जवळ गेल्यावर कळते की ही कोवळी पाने आहेत. हे कोसिंबाचे झाड, काही ठिकाणी त्याला कुसुम म्हणतात. याच्या बियांचे तेल काढतात, फळातला आंबट गर खातात आणि पूर्व भारतात याच झाडावर लाखेचे किडे वाढवून उत्तम प्रतीची कुसुमी लाख मिळवतात.

मेपल म्हातारपणी लाल होतो, कोसिंब बाळपणी. पण रंगद्रव्य तेच, अँथोसायनिन. कोवळ्या पानात प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा अजून तयार झालेली नसते. अशा वेळी प्रखर उन्हाने होणारी इजा हा लाल पडदा कमी करतो असे मानतात. पाने खाणाऱ्या किड्यांनाही तो चकवत असावा, असा दुसरा तर्क आहे. आंब्याची तांबूस पालवी आणि देवळाजवळच्या नागकेशराची लाल पालवी याच प्रकारची.

आता खरी गंमत ऐका. पूर्वी मेपलसाठी वनस्पतिशास्त्रात स्वतंत्र कुल मानत असत. गेल्या काही दशकांत डीएनएचा अभ्यास झाला, तेव्हा मेपलला सॅपिंडेसी, म्हणजे आपल्या रिठ्याच्या कुलात घालण्यात आले. लिची याच कुलातली. आणि कोसिंबही याच कुलातला! ज्या पाहुण्यासाठी तुम्ही जपानकडे डोळे लावून बसला होता, त्याचा चुलतभाऊ तुमच्याच डोंगरावर दर शिमग्याला लाल होऊन उभा असतो.

त्याची दिनदर्शिका इथली आहे. थंडीची नाणी मोजण्याचे काम त्याला नाही. ऐन कोरड्या दिवसांत, पाऊस तीन महिने दूर असताना तो पालवतो. उष्ण कटिबंधातल्या अशा झाडांविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की पाऊस नसतानाही, दिवसाच्या लांबीत अर्ध्या तासाची वा त्याहून कमी वाढ झाली तरी काही झाडे पालवतात. मेपलला जी हाक ऐकू येत नाही, ती आपल्याकडच्या झाडांना ऐकू येते.

कोसिंब लावायचा असेल तर पावसाच्या सुरुवातीला फळे पिकतात तेव्हा ताजे बी पेरा. झाड सावकाश वाढते आणि मोठे होते, म्हणून घरापासून दहा-बारा मीटर दूर, कुंपणाकडे जागा द्या. जागा लहान असेल तर क्रोटन किंवा अकॅलिफा लावा. वर्षभर लाल पाने मिळतील.

तुमच्यासाठी काम

‘मेपल नाही जगला तर काय बिघडले?’ असे म्हणून हा विषय सोडू नका. परसातला हापूसही थंडीकडे डोळे लावून असतो, फक्त त्याचे मागणे लहान आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात रात्रीचा पारा साधारण वीस अंशांखाली काही दिवस राहिला की जून झालेल्या काड्यांवर मोहोर येतो. थंडी लांबली तर मोहोर लांबतो. थंडी फार रेंगाळली तर मोहोरावर पुन्हा मोहोर येऊन आधीची बारीक फळे गळतात. पृथ्वीचे तपमान वाढत असताना ही दिनदर्शिका विसकटली तर घाटाखालच्या किती घरांचे वर्षाचे गणित चुकेल, याचा विचार करा.

म्हणून एक वही घाला. शाळेच्या वाटेवरचा एक आंबा, एक कोसिंब आणि एक देशी बदाम निवडा. बदामाची पानेही गळण्याआधी लाल होतात, हे तुम्ही पाहिले असेलच. पहिला मोहोर, पहिले लाल पान, पहिली पानगळ यांच्या तारखा लिहा आणि त्या आठवड्यातले रात्रीचे किमान तपमान शेजारी टिपा. पुढच्या वर्गातल्या मुलांकडे वही सोपवा. शिक्षकांनी ती शाळेच्या कपाटात जपावी. दहा वर्षांनी त्या वहीत जे दिसेल ते कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

आणि एक छोटा प्रयोग. कोसिंबाची किंवा अकॅलिफाची लाल पाने चुरडून गरम पाण्यात घाला. रंग उतरला की पाणी दोन पेल्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात खाण्याचा सोडा टाका. लाली कुठे खुलते आणि कुठे बदलते ते पाहा. क्योटोच्या देवळासमोरचा रंग तुमच्या पेल्यात असेल.